उभ्या उभ्या झालेलं लग्न

एमिल माखालाचं लग्न गुडघ्यामुळे झालं. डाव्या गुडघ्यामुळे. उजव्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता, हे त्याने पुढे कोर्टातही सांगितलं, पण कोर्टाला ते फारसं महत्त्वाचं वाटलं नाही.

तसे एमिल आणि अल्बीना ओर्साक टेक्सासातल्या होलिक गावात बारा वर्षं एकाच छपराखाली राहत होते. तो विहिरींचे पंप दुरुस्त करायचा, तिची चौकात बेकरी होती. त्याच्या अंगाला ग्रीसचा वास, तिच्या अंगाला भाजलेल्या आलुबुखाराचा. घरात हे दोन वास गुण्यागोविंदाने नांदत होते. लग्न तेवढं केलं नव्हतं, कारण अल्बीनाने ते आधी एकदा करून पाहिलं होतं.

"गोवर एकदा येतो," ती म्हणायची. "दुसऱ्यांदा आपणहून जाऊन कोण आणतं?"

तिच्या पहिल्या नवऱ्याचं नाव रे. हा रे लग्नाच्या दिवसापर्यंत अगदी चांगला माणूस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावर बसून त्याने हाक मारली, "बायको, माझे मोजे कुठायत?" वास्तविक तो आयुष्यभर स्वतःचे मोजे स्वतः शोधत आला होता. त्यानंतर त्याने अल्बीनाला मोज्यांखेरीज कधी काही विचारलं नाही. बाकी सगळं नुसतं सांगितलं. म्हणून एमिलच्या घरात पाऊल टाकताना तिने बजावलं होतं, "मी अल्बीना. मी कुणाची बायको नाही. आणि जो मला लग्नाचं विचारेल त्याच्या डोक्यात लाटणं बसेल. चालेल?"

एमिल "चालेल" म्हणाला. तो बहुतेक गोष्टींना "चालेल"च म्हणायचा. पंपाच्या धंद्यात बोलायची वेळ कमी येते.

तर, एमिलच्या भाच्याचं लग्न होतं. चर्चच्या हॉलमध्ये अख्खं गाव जमलेलं. सॉसेज, बटाटे, बियर, दोन अकॉर्डियन. नवरा-नवरीचा पहिला नाच झाला की होलिकमध्ये जोडप्यांचा नाच होतो. लग्न झालेली सगळी जोडपी मैदानात उतरतात. मग वाजंत्रीवाला ओरडायला लागतो: ज्यांच्या लग्नाला एक दिवस झाला नाही ते बाहेर! नवरा-नवरी हसत हसत बाहेर. वर्ष झालं नाही ते बाहेर! पाच वर्षं, दहा वर्षं, असं करत करत शेवटी जे जोडपं उरतं त्याला नवरीच्या हातातला गुच्छ मिळतो आणि माईकवर नव्या जोडप्याला चार शब्द सांगायला मिळतात. लग्न न झालेल्यांनी या काळात भिंतीला टेकून बियर प्यायची असते. एमिल आणि अल्बीना बारा वर्षं तेच करत आले होते. भिंतीवर त्यांची जागासुद्धा ठरलेली होती.

पण त्या दिवशी आधीच्या पोल्काच्या शेवटच्या गिरकीत, मैदानाच्या बरोब्बर मध्यभागी, एमिलचा गुडघा अडकला.

"चल ना," अल्बीना म्हणाली.

"येत नाहीये."

"काय येत नाहीये?"

"पाय."

तेवढ्यात आजूबाजूला जोडपी येऊन उभी राहिली आणि वाजंत्री सुरू झाली. अल्बीनाने त्याला दोन्ही काखांत धरून ठेवलं. लांबून बघणाऱ्याला ते प्रेमच वाटलं असणार. पाच वर्षंवाले गेले. दहावाले गेले. जाणारा प्रत्येक जण एमिलच्या पाठीवर थाप मारून जात होता, आणि प्रत्येक थापेला तो पडता पडता वाचत होता.

"एमिल, आपण बाहेर पडायला हवं."

"तू जा."

"मी सोडलं तर तू आडवा होशील."

"मग सोडू नकोस."

तीसवाले गेले, चाळीसवाले गेले. उरले फक्त व्राना आजी-आजोबा. दरवर्षी प्रत्येक लग्नात गुच्छ तेच नेत. आजोबांनी भाषणही तयार ठेवलेलं असायचं. पण त्या दिवशी आजोबांची तिसरी बियर नको त्या क्षणी खाली उतरली, आणि आजोबा बायकोला तिथेच सोडून एका विशिष्ट दाराकडे वयाला न शोभेल अशा वेगाने निघून गेले. अर्धं जोडपं जोडपं धरत नाहीत. गुच्छ अल्बीनाच्या हातात आला, माईक एमिलच्या.

"मिस्टर आणि मिसेस माखाला!" वाजंत्रीवाला ओरडला. तो बाहेरगावचा होता. "तरुण मंडळींना काय सांगाल?"

इथे एमिलला खरं सांगता आलं असतं. पण त्याच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा माईक आला होता. त्याने घसा साफ केला. तो आवाज सगळ्या हॉलभर घुमला आणि त्याला स्वतःलाच धक्का बसला.

"मी... आणि ही माझी बायको... आम्ही..." पुढे काय, ते त्याला सुचेना. समोर सॉसेजचं टेबल दिसलं. "सॉसेजला धूर जास्त देऊ नका."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. घरी जाताना अल्बीनाने ट्रकची काच खाली केली. गुच्छ तिने खिडकीबाहेर धरला होता, टाकला मात्र नाही.

सकाळी शेजारची लिओना हजर. हातात विजेवर चालणारं नवंकोरं मंद आचेचं भांडं, लग्नाची भेट.

"काय गं बाई! चाळीस वर्षांच्या वर आणि आम्हाला पत्ता नाही!"

"लिओना, आमचं लग्न झालेलं नाही. तुला माहितीय."

"झालं ना काल." लिओनाचा जावई शेरीफच्या कचेरीत गाड्या धुतो. त्यामुळे कायदा तिच्या घरात आहे. "टेक्सासात एका घरात राहिलं आणि चारचौघांत नवरा-बायको म्हणवून घेतलं की झालं लग्न. भटजी नको, अंगठी नको. आणि चारचौघं कसले, काल पाचशे होते! माईकवर!"

"आणि नको असेल तर?"

"मग घटस्फोट. सगळ्यांचा होतो तसाच, वकील लावून." लिओनाने भांडं टेबलावर ठेवलं. "लग्न फुकट आहे हो. मोडायला पैसे पडतात."

लिओना गेल्यावर अल्बीनाने माळ्यावरून निळी बॅग काढली, भरली आणि पुढच्या दाराशी उभी केली.

"एमिल, मी काल काय झाले? बायको झाले का?"

"तसं... ते नुसतं तोंडातून..."

"मला न विचारता. पाचशे माणसांत." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू शोधून काढ. मी कायद्याने बायको असेन तर ही बॅग आणि मी माझ्या बहिणीकडे जाणार. नसेन तर बॅग परत माळ्यावर. रेच्या वेळेस मी फार उशिरा निघाले होते. या वेळेस नाही."

एमिल "चालेल" म्हणणार होता. त्या शब्दाने आयुष्यात पहिल्यांदा त्याला दगा दिला.

आता, आपलं लग्न झालंय हे सिद्ध करणारी माणसं जगात पुष्कळ असतील. झालेलं नाही हे सिद्ध करायला निघालेला एमिल होलिकमधला पहिलाच. तो धुतलेला शर्ट घालून कोर्टाच्या इमारतीत गेला आणि काचेपलीकडच्या कारकून बाईंना म्हणाला, "लग्न झालेलं नसल्याचा दाखला हवाय."

"कुणाशी?"

"अल्बीना ओर्साकशी."

बाईंनी चष्मा खाली केला. "तुमच्याशी लग्न न झालेल्या बायका या राज्यात कोटभर आहेत. सगळ्यांचे देऊ का?"

"एकीचाच हवाय."

"नसल्याचा कागद नसतो. असल्याचा आहे. तो देते. दोघांनी हात वर करून शपथ घ्यायची, सही करायची, की तुमचं विनासमारंभ लग्न सरकारदरबारी पक्कं. मग मोडायला सोपं जातं."

"पण मला मोडायचं नाहीये. मला ते झालेलंच नकोय."

"अहो, जे धड उभंच नाही ते मोडणार कसं? आधी उभं करा." बाई पुढच्या माणसाकडे वळल्या. मग पुन्हा एमिलकडे बघून मायेने म्हणाल्या, "ते सॉसेजचं फार छान बोललात हं. माझ्या मुलीला मी तेच सांगते."

डॉमिनो खेळायच्या टेबलावर ह्यूबर्टने तोडगा काढला. ह्यूबर्ट एमिलचा डॉमिनोमधला जोडीदार. तो आयुष्यात तीनदा घटस्फोटित, म्हणजे या विषयातला गावातला सर्वांत शिकलेला माणूस.

"चारचौघांत भांडा," तो म्हणाला. "कडकडून. लोकांना दिसू दे की तुमचं काही नातं नाही."

अल्बीनाला ते पटलं. भांडायला ती तशीही तयारच होती. शनिवारी वाणसामानाच्या दुकानात, मोहरीच्या सॉसच्या बाटल्यांसमोर दोघं उभे राहिले. एमिलने ठरल्याप्रमाणे बारीक दाण्यांची बाटली उचलली. अल्बीना ठरल्यापेक्षा बरंच जास्त बोलली. मोहरीवरून ती छपराच्या पन्हाळीवर आली, पन्हाळीवरून त्याच्या आईवर, आईवरून त्याच्या दाढीच्या ब्रशवर. दुकान थांबून ऐकत होतं. शेवटी रोखपाल मुलगी गल्ल्यामागून सुस्कारा टाकून म्हणाली, "माझे आई-बाबा अस्सेच. तीस वर्षं झाली त्यांना."

फादर स्टॅन्लींकडे एमिल धीर धरून गेला. फादरनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"थांब, मला नीट समजू दे. चर्चच्या दृष्टीने तुमचं लग्न झालेलं नाही."

"नाही, फादर."

"सरकारच्या दृष्टीने झालेलं आहे."

"बहुतेक."

"म्हणजे तू स्वतःच्याच बायकोबरोबर पापात राहतोयस!" फादर खुर्चीतून उठले. "तीस वर्षं लोकांची पापं ऐकतोय मी, एमिल. सगळी तीच ती. हे पहिलं नवीन!" प्रायश्चित्त काय घ्यायचं ते त्यांना सांगता येईना. वरती विचारून कळवतो म्हणाले. वरती म्हणजे बिशपकडे की आणखी वरती, ते एमिलने विचारलं नाही.

शेवटी वकील. वेल्डन प्रूइट एकाच खोलीत वकिली करायचा आणि हरणांच्या मुंडक्यांत पेंढा भरून द्यायचा. दोन्ही धंद्यांत माल त्याच्याकडे यायचा तेव्हा उशीर झालेला असायचा. एमिल बसला त्या खुर्चीसमोर एक बारशिंगा भिंतीतून तोंड काढून त्याच्याकडे एकटक बघत होता. फक्त एक डोळा बसवायचा राहिला होता.

"तीन गोष्टी लागतात," प्रूइट म्हणाला. "एक, एकत्र राहणं. ते नाकारता येत नाही. लिओनाबाई रोज बघतात, आणि त्यांनी बघितलेलं मग सगळा जिल्हा बघतो. दोन, लोकांना नवरा-बायको म्हणून सांगणं. तर ते तू माईकवर सांगितलंस. याहून मोठा आवाज माझ्या माहितीत नाही. राहिली तिसरी. 'आपण नवरा-बायको आहोत' असं दोघांनी ठरवलं होतं का? ते असतं डोक्यात. डोक्यात कोर्टाला शिरता येत नाही, म्हणून शपथ घालतात. अल्बीनाबाई अर्ज करतील: लग्न असेल तर मोडा, नसेल तर तसं सांगा. न्यायाधीशबाई तुला विचारतील, ठरवलं होतंस का? तू म्हणायचं, नाही. अल्बीनाबाई म्हणतील, नाही. झालं. लग्नच नव्हतं. बॅग माळ्यावर."

"एवढंच?"

"एवढंच. एक शब्द. ठरवलं नव्हतंस ना?"

एमिल बारशिंग्याच्या एका डोळ्याकडे बघत राहिला. "म्हणजे... कुणाला बोललो नव्हतो," तो म्हणाला.

"उत्तम," प्रूइट म्हणाला आणि त्याने ते लिहून घेतलं.

गोची अशी होती की एमिलने ठरवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, भर दुपारी, ह्रोमाड्काच्या शेतातल्या पंपाच्या खड्ड्यात. पाइप फुटला होता, एमिल मानेपर्यंत चिखलात होता आणि काम संपत नव्हतं. अल्बीना डबा घेऊन आली होती. डबा देऊन निघून जाईल असं त्याला वाटलं. ती खड्ड्याच्या काठावर बसली, डब्याभोवती गुंडाळलेला पेपर उलगडला आणि त्याला कंटाळा येऊ नये म्हणून डुकरांचे बाजारभाव मोठ्याने वाचायला लागली. आधी होलिकचे, मग शेजारच्या जिल्ह्याचे. एमिलकडे डुकरं नव्हती, तिच्याकडेही नव्हती. पेपर संपल्यावर तिने तोच पुन्हा पहिल्यापासून वाचला. तेव्हा वर बघत, डोळ्यांतला चिखल पुसत एमिल मनाशी म्हणाला, झालं, ही माझी बायको. मग लाटण्याची आठवण होऊन त्याने तोंड मिटलं, ते आजतागायत.

आता परमेश्वराची शपथ घेऊन "नाही" म्हणायचं. आणि एमिलला खोटं बोलता येत नाही. तो गुण नव्हे, सवयच नाही. पंप चालू असतो किंवा बंद असतो.

तारीख पडेपर्यंत प्रूइटची सक्त ताकीद होती: परक्यासारखे वागा. म्हणून एमिल घरातल्या घरात अल्बीनाला "बाई, आपण कॉफी घेणार का?" असं विचारू लागला. चौकात भेटली की टोपी काढून उभा राहायचा. बेकरीत रांगेत उभा राहून, पैसे मोजून आलुबुखार भरलेले कोलाची नावाचे गोड पाव विकत घ्यायचा आणि "आभारी आहे" म्हणायचा. अल्बीनाही "पुन्हा या हं" म्हणायची. हे सगळं लिओनाने पाहिलं आणि गावभर सांगितलं, "इतकी वर्षं झाली तरी बघा! नव्या नवरीशी वागावं तसा वागतो!" तिने स्वतःच्या नवऱ्यालाही टोपी काढायला लावली. त्याचं डोकं उन्हाने भाजून निघालं.

पुढे अर्जाची बातमी फुटली आणि गाव हळहळलं. लग्नाच्या भेटी देणाऱ्या बायका आता दुःखात खायला चीज घातलेले भाजके पदार्थ घेऊन येऊ लागल्या. पूर्वी दिलेलं भांडं परत मागावं, की घटस्फोटाची भेट म्हणून राहू द्यावं, यावर चर्चच्या महिला मंडळात मतदान झालं. राहू द्यावं, असा निकाल लागला, पण निसटता. लिओना विरोधात होती.

बॅग मात्र दाराशीच होती. एमिल रोज तिला वळसा घालून कामावर जायचा. एकदा त्याने तिच्यावरची धूळ पुसली, आणि पुसल्यावर त्याला वाटलं, पुसायला नको होती.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात बसायला जागा नव्हती. होलिकमध्ये त्या दिवशी दुसरं काही नव्हतं, आणि असतं तरी पुढे ढकललं असतं. न्यायाधीश ओडेलबाई वयाने वडीलधाऱ्या होत्या. त्यांनी गर्दी पाहिली, सॉसेजचा वास घेतला आणि म्हणाल्या, "खायचं असेल त्यांनी बाहेर. ह्यूबर्ट, तू तर नक्कीच बाहेर. तुझे तिन्ही मीच केलेत."

पहिली साक्ष लिओनाची.

"हे दोघं नवरा-बायकोसारखे राहतात, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"मॅडम, ती दर शनिवारी त्याच्यावर पन्हाळीवरून ओरडते. पाहुण्यांवर कोण ओरडतं हो?"

दुसरी साक्ष व्राना आजोबांनी बोलावलं नसताना दिली. "मी फक्त एक मिनिट मैदानाबाहेर होतो," ते उभे राहून म्हणाले. "पण माझी बायको मैदानातच होती! आणि त्यांचं लग्न झालेलं नसेल, तर गुच्छ आमचा!" न्यायाधीशबाईंनी त्यांना बसवलं. आजोबा बसता बसता तयार ठेवलेलं भाषण खिशातून काढत होते, ते आजीने काढून घेतलं.

मग एमिल. त्याने हात वर केला, शपथ घेतली.

"मिस्टर माखाला," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "या बाईंना तुम्ही मनाने बायको मानलं होतं का? सरळ सांगा. हो की नाही?"

प्रूइट खुर्चीतून ओठांनी 'नाही, नाही' असं करत होता. अल्बीना पहिल्या रांगेत, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. बेकरीतून तशीच आली होती. मनगटावर पीठ होतं. एमिलने त्या पिठाकडे पाहिलं आणि ती बॅग उचलून, अंगणातून, बहिणीच्या गाडीकडे जातेय असं त्याला स्पष्ट दिसलं.

"हो, मॅडम," तो म्हणाला.

प्रूइटने डोळे मिटले.

"केव्हा?"

"अकरा वर्षं झाली. ह्रोमाड्काच्या खड्ड्यात."

सभागृहात एकदम कुजबुज उठली. ह्रोमाड्का स्वतः तिथेच होता आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले. एमिलने मग डुकरांच्या भावांचं सगळं सांगितलं. इतकं सलग तो जन्मात बोलला नव्हता. मध्ये मध्ये पाणी मागत होता.

"दोनदा वाचला तिने पेपर," तो शेवटी म्हणाला. "पण माझंच चुकलं, मॅडम. ठरवलं ते माझ्याशीच. तिला विचारलं नाही. मी लाटण्याला भ्यालो. आणि मग त्या दिवशी माईकवर आपोआप बाहेर आलं. ती जाते म्हणाली तर... तर जाऊ दे तिला. तिचं बरोबर आहे."

बाहेर ह्यूबर्ट काहीतरी चावत होता ते कोर्टात ऐकू आलं.

"बसा," न्यायाधीशबाई जरा खाकरून म्हणाल्या. "पण एकट्याने ठरवून लग्न होत नाही. दोघांनी ठरवावं लागतं. अल्बीनाबाई, तुम्ही इकडे या. तुम्ही यांना कधी नवरा मानलं होतं का?"

अल्बीनाने शपथ घेतली. आता फक्त "नाही" म्हणायचं होतं. प्रूइट पुन्हा सरसावून बसला.

अल्बीनाने मनगटावरचं पीठ झटकलं. ते कारकुनाच्या कागदांवर पडलं.

"मॅडम, शपथ घेतल्यावर सगळं सांगावंच लागतं का?"

"लागतं, बाई."

"सात वर्षांपूर्वी याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं," अल्बीना छताकडे बघत म्हणाली. "मी दवाखान्यात गेले तर नर्स आत सोडेना. म्हणाली, तुम्ही कोण त्यांच्या? आत फक्त घरची माणसं. मी म्हटलं, बायको."

"आत जाता यावं म्हणून म्हणालात?"

"तेव्हा तसंच. पण मग मी आत गेले. हा झोपला होता तोंड उघडं टाकून. म्हटलं, अरेच्चा! अल्बीना, तुला ते बोलताना जरासुद्धा अडखळायला झालं नाही. रेच्या वेळेस चर्चमध्ये फादरनी मला दोनदा विचारलं होतं, तरी माझ्या तोंडून 'हो' निघत नव्हतं." तिने खालचा ओठ चावला. "मग मी बसून राहिले तिथे. आणि बसल्या बसल्या ठरवलं. असू दे म्हटलं. आहे तर आहे. याला काही बोलले नाही. उगाच मोजे विचारायला लागला असता."

"अल्बीना!" एमिल उठून उभा राहिला.

"बस खाली. विचारलं मीही नव्हतं. फिट्टंफाट दोघांची."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे यांनी ठरवलं अकरा वर्षांपूर्वी, तुम्ही ठरवलं सात वर्षांपूर्वी. एकत्र राहत होताच, आणि लोकांना पहिल्यांदा सांगितलंत ते तुम्ही, माईकच्याही कितीतरी आधी. हे लग्न सात वर्षं पक्कं आहे असं कोर्ट ठरवतं. मधली चार वर्षं, मिस्टर माखाला, तुम्ही लग्नात एकटेच होतात." त्यांनी पेन उचललं. "आता, बाई, अर्जात म्हटलंय, असेल तर मोडा. मोडू का?"

कोर्टातली सगळी डोकी अल्बीनाकडे वळली. एमिलचं सगळ्यांत आधी.

पण अल्बीना न्यायाधीशबाईंकडे बघतच नव्हती. ती एमिलकडे बघत होती आणि तिच्या भुवया हळूहळू एकमेकींजवळ येत होत्या, तशा त्या फक्त पन्हाळीच्या वेळी येतात.

"थांबा, मॅडम. ती चार वर्षं. त्या चार वर्षांत मला पहाटे बेकरी असायची म्हणून मी महिन्याच्या नाचाला यायची नाही. हा जायचा. कुणाबरोबर नाचायचा? सांग ना आता, शपथेवर आहेस! पेंडीच्या दुकानातल्या मिल्ड्रेडबरोबर!"

"ती विधवा आहे गं बिचारी," एमिल चाचरत म्हणाला. "कुणी विचारत नव्हतं तिला. आणि तूच म्हणाली होतीस, जा म्हणून!"

"मी म्हणाले कारण मला वाटलं तू सडाफटिंग आहेस! लग्न झालेला बाप्या, आणि दर महिन्याला मिल्ड्रेडबरोबर वॉल्ट्झ!"

"पण अल्बीना, तेव्हा तू माझी बायको नव्हतीस!"

"मी नव्हते! पण तू माझा नवरा होतास ना!"

एमिलने मोठ्या आशेने प्रूइटकडे पाहिलं. प्रूइट कायद्याचं जाड पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळत होता. मग त्याने ते बंद केलं आणि एमिलच्या कानाशी वाकून म्हणाला, "याला कायद्यात उत्तर नाही रे. तू माफी माग."

एमिलने भर कोर्टात माफी मागितली, त्या चार वर्षांबद्दल, अल्बीनाची, आणि चुकून मिल्ड्रेडचीही. तीही दुसऱ्या रांगेत बसली होती आणि तिने मान हलवून ती स्वीकारली. त्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं.

"अर्ज?" न्यायाधीशबाईंनी पेन हवेत धरूनच विचारलं.

"कसला अर्ज, मॅडम? आता कुठे मला सगळं कळायला लागलंय," अल्बीना म्हणाली. तिने पर्स उचलली, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून खाली उतरली, गर्दीतून वाट काढत एमिलजवळ आली आणि त्याच्या कोपराला धरून त्याला उभं केलं, कारण डावा गुडघा पुन्हा अडकला होता.

"घरी चल," ती दात आवळून म्हणाली. "घरी चल, मग बघते तुला."

एमिल चालू लागला. लंगडत, कान धरलेल्या पोरासारखा, सगळ्या गावादेखत. लोकांना त्याची दया आली. तो मात्र त्या वाक्यातला पहिला शब्द ट्रकपर्यंत पुन्हा पुन्हा मनात म्हणत होता.